नमुना खराब

११ फेब्रुवारी
नवे डॉक्टर आले एकदाचे. गळ्यात कोरा करकरीत स्टेथोस्कोप. मोठ्या बाई त्यांना घेऊन लॅबमध्ये आल्या. "नवजात वासरांचं काम आता हे बघतील. जन्मल्यावर तासाभरात, मग दुसऱ्या, चौथ्या आणि सातव्या दिवशी. हृदयाचे ठोके हे मोजतील, रक्त तुम्ही तपासायचं." मी रक्त तपासायचं म्हणे. बावीस वर्षं इथे मी काय भाजी निवडत होते?

१३ फेब्रुवारी
पहिलं वासरू. डॉक्टर पंधरा मिनिटं त्याच्या छातीला कान लावून बसले. मग गंभीर चेहरा करून, "एकशे तीस ठोके. पण मध्ये खरखर येतेय." गोठ्यातले काका खराटा मारता मारता म्हणाले, "पहिल्या दिवशी बऱ्याच जणांना येते साहेब. परवापर्यंत जाईल." परवाची वाटही बघावी लागणार नाही, उद्या सकाळीच जाईल बहुतेक. डॉक्टरांनी मात्र दोन पानं भरून लिहून काढलं. दीडशहाणा!

१४ फेब्रुवारी
खरखर गेली. सांगितलं होतं काकांनी.

डॉक्टरांनी काढलेलं रक्त बघितलं. नळी मशीनमध्ये फिरवली की वर पिवळं स्वच्छ पाणी यायला हवं, ते सीरम. यांचं गुलाबी! म्हणजे सुई खुपसताना पेशी फोडून ठेवल्या. कोवळ्या वासराच्या पेशींत पोटॅशियम ठासून भरलेलं असतं. पेशी फुटली की ते सगळं सीरममध्ये उतरतं आणि आकडा वाढतो. तो आकडा खोटा. वासरू ठणठणीत आणि कागदावर मरायला टेकलेलं. असा रिपोर्ट मी देत नाही.

१५ फेब्रुवारी
परत गुलाबी.

१८ फेब्रुवारी
आज सगळ्यांसमोर नळी उजेडात धरून दाखवली. "डॉक्टर, हे रक्त आहे की सरबत?" ऑफिसातल्या दोघी फिसकन हसल्या. ते कानापर्यंत लाल. "ताई, वासरू हलतं हो. शीर निसटते." वासरू हलणारच. पुतळ्याचं रक्त काढायला नेमलंय का यांना?

दर वेळी तेच लिहायचा कंटाळा आला. बसल्या बसल्या 'नमुना खराब, परत आणा' अशा वीस चिठ्ठ्या लिहून ड्रॉवरमध्ये ठेवल्या. सहीसकट. नळी आली की चिठ्ठी हातात. वेळ वाचतो.

२० फेब्रुवारी
घरी जेवताना सांगितलं. यांना हसू येईल वाटलं होतं. हे म्हणाले, "मग शिकव की त्याला." मी काय शिकवणी उघडलीय? मला कोणी शिकवलं होतं? बाकी यांना माझ्या ऑफिसातल्या प्रत्येकाची दया येते, मी सोडून.

२४ फेब्रुवारी
काका चहाला आले होते. म्हणाले, "डॉक्टर रोज सकाळी सहाला येतात, वासरू कसं धरायचं ते माझ्याकडून शिकतात, आता हात बसलाय त्यांचा." काकांचं काय, कोणी दोनदा 'काका' म्हटलं की विरघळतात. आज डॉक्टरांची नळी नव्हती. असती तरी गुलाबीच असती.

२७ फेब्रुवारी
एकतीस नंबरची कालवड गेली. चार दिवसांची.

कालपासून हगवण होती. आज साडेबाराला डॉक्टर धावत नळी घेऊन आले. धापा टाकत म्हणाले, "ताई, ठोके सत्तरवर आलेत. हगवण लागलेल्या वासराचे उलट वाढायला हवेत. पोटॅशियम चढलं असणार, हृदय त्यानेच मंदावलंय. तेवढा आकडा द्या, लगेच सोड्याचं सलाईन लावतो. बाई रिपोर्टशिवाय परवानगी देत नाहीत."

मला पोटॅशियम शिकवतायत! नळी फिरवली, तशीच आकडा मोजायच्या मशीनमध्ये ठेवली. पोटॅशियम आठ पॉइंट चार, हवं पाचाच्या आसपास. रंग काय बघायचा? कोणाच्या हातची आहे ते माहीत असलं की झालं. ड्रॉवर उघडला, चिठ्ठी दिली. म्हणाले, "नीट बघितलंत ना?" मला! बावीस वर्षांत हे विचारायची कोणाची हिंमत झाली नव्हती.

एक ते दोन माझी जेवणाची वेळ. कुलूप लावून गेले. दोनला परत येते तर डॉक्टर दारात उभे. हातात जेमतेम अर्धी नळी. "शिरा बसल्यात तिच्या, मिळतच नव्हतं." ती फिरत होती तेवढ्यात गोठ्यातून काकांचा फोन आला. आता नको म्हणाले.

२८ फेब्रुवारी
मोठ्या बाईंनी दोघांना बोलावलं. मी आत्तापर्यंतच्या चिठ्ठ्यांची नोंद पुढे ठेवली. अठरा नमुन्यांतले पंधरा खराब. बोलायची गरजच पडली नाही. डॉक्टर मान खाली घालून, "ताईंचं बरोबर आहे. माझाच हात नीट नाही. नीट रक्त काढता आलं असतं तर ती वाचली असती." बाई म्हणाल्या, उद्यापासून वासरांना हात लावायचा नाही, तुमच्याबद्दल वर कळवते.

बाहेर काका भेटले. माझ्याकडे न बघता निघून गेले. जाऊ देत. मी कोणाच्या वाटेला गेले नव्हते.

२ मार्च
फ्रिजमधला रॅक आवरत होते. एकतीस नंबरची पहिली नळी हाताला लागली. साडेबाराची.

सीरम पिवळं. स्वच्छ. खिडकीशी नेऊन बघितलं, मग दिव्याखाली. गुलाबीचा मागमूस नाही.

म्हणजे हात बसला होता त्याचा. आकडा खरा होता. ती जिवंत होती तेव्हा माझ्यासमोर मशीनवर लिहून आला होता आणि मी ड्रॉवर उघडला. दुपारचा डबा उघडलासुद्धा नाही.

३ मार्च
मोठ्या बाईंनी विचारलं, "डॉक्टरांना कामावरून काढायच्या कागदावर सही करतेय. तुमचं काही म्हणणं?"

नाही म्हटलं. नळी सकाळीच धुऊन ठेवली होती.