फेरमोजणीची खोली

५ फेब्रुवारी
लागली एकदाची नोकरी. नावड्यात गोडाऊनवर वॉचमन. कोपरखैरण्याचं कुरिअर सोडलं, नेरूळचा मोमोचा स्टॉल सोडला, इथे मात्र टिकणार. मागे नाल्यात बगळे येतात, एक लंगडा आहे, त्याच्याच नादात सकाळ गेली. काम काय, तर एका खोलीत वॉर्डाच्या फेरमोजणीचे कागद, पत्र्याच्या पेट्यांत. कुलपावर कापडाची पट्टी, वर लाखेचं सील. निवडणूक ऑफिसच्या शर्मिला मॅडम म्हणाल्या, अश्विन, सीलला हात लावलास तर जेलात जाशील. माझ्या आधीचा गंगाराम म्हणे पेट्या रचल्या त्या दिवसापासून आलाच नाही.

९ फेब्रुवारी
खोलीत कुणीतरी खोकलं. दाराला कान लावून विचारलं, गंगारामकाका का? आतून हो आलं. म्हणजे माणूस आत राहिला आणि यांनी सील ठोकलं. पाणी मागतोय. दाराखालून पाइप सरकवला, गटागट प्यायला.
मॅडमना फोन केला. म्हणाल्या, सील तोडायला वरून ऑर्डर लागते, दोन्ही उमेदवार हजर लागतात, गंगाराम गावी असेल, आणि तू जरा कमी पीत जा.

१२ फेब्रुवारी
कागद ठेवायचे तरी किती दिवस? गोडाऊनचे साहेब म्हणतात, मुदत संपेपर्यंत. कधी संपते ते मॅडमना विचार. मॅडम म्हणतात, साहेबांना. टायपिस्ट प्रिया म्हणाली, हरलेला कोर्टात गेलाय, केस संपेपर्यंत पेट्या हलत नाहीत, चार वर्षंपण जातील. अरे, माणूस आहे आत! तर म्हणे अर्ज कर. अर्ज दिला. ज्या टेबलावर पाठवलं तिथला जेवायला गेलेला. पोलीस म्हणाले, निवडणुकीचं सील, आमी हात लावत नाय. डोकं आऊट झालंय.

२० मार्च
अजून पाणी पितोय. खायला कधीच मागितलं नाही. पाइपातून चपाती जात नाही, मग इतके दिवस तो — जाऊ दे. नको विचार.

२१ मार्च
गंगाराम आला. दापोलीहून. आई आजारी होती, राहिलेला डबा न्यायला आलेला. उभा राहून हसत बोलत होता, आणि आतून पाणी मागितलं — त्याच्याच आवाजात. डबा टाकून पळाला.
आतल्यानं नुसतं हो म्हटलं होतं, गंगाराम असं स्वतःहून कधी सांगितलंच नव्हतं. नाव मी दिलं.

२३ मार्च
पाइप काढला. आतून दारावर नखं —
मॅडमना म्हटलं, उघडू नका. भडकल्या. आधी उघडा, आता नको, आम्ही काय तुझे नोकर? अर्ज मंजूर झालाय. कोर्टाची परवानगी आलीय. उद्या उघडणार. अर्जदार हजर पाहिजे, नाहीतर पोलीस घरी येतील.

२४ मार्च
आले सगळे. लाख फोडली. मी स्टुलावर. वहीत लिहीत राहिलोय —
मॅडमनी दाराशी विचारलं, कोण आहे आत.
अश्विन, म्हणाला. माझा आवाज. मॅडम, मी आत अडकलोय, बाहेर बसलाय त्याला —
मॅडम वळल्या. विचारतात, मग तू कोण.
मी तोंड उघडतोय. आवाज —