कुणी विचारलंच नाही

१४ मार्च, शनिवार, दुपार

प्रिय ताई,
धाकटीचा नमस्कार. इकडे सगळं ठीक. तुझा गुडघा कसा आहे? शिवायच्या गणवेशांचा ढीग तसाच टाकून लिहायला बसलेय, इतकी घाई झालीय सांगायची.

वर्षभर ह्यांनी मला जवळ घेतलं नाही, हे फक्त तुला सांगितलं होतं. तू म्हणालीस, "पुरुषाची भूक अशी मरत नसते गं. घरी जेवत नसेल तर बाहेर पान मांडलेलं असतं." ते डोक्यात बसलं. मी ह्यांचे खिसे चाचपले, शर्टांचे वास घेतले, आरशापुढे उभी राहून स्वतःलाच नावं ठेवली. मंगळवारी हे छापखान्यातून भरदुपारी निघाले, तशी मी मागोमाग गेले.

ताई, हे शिरले दवाखान्यात. मी सगळ्यांदेखत विचारलं, "कोण आहे ती?"

हे मान खाली घालून म्हणाले, "आत चल. दोनदा दारातून परत गेलोय. एकट्याला बोलायला जमत नाही."

सासूबाई गेल्यापासून हे उदासपणाच्या गोळ्या घेतात. मला झोपेच्या सांगितल्या होत्या. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "उदासपणानं इच्छा कमी होते, कधी या गोळ्यांनीही. पुरुषाला सदानकदा हवंच असतं, हा गैरसमज. आणि इच्छा नाही म्हणजे माया नाही, हा त्याहून मोठा. मनानं गोळी बंद करू नका, बदलून बघू."

"म्हणजे माझ्यात काही कमी नाही?" मी विचारलं.

उत्तर ह्यांनी दिलं. "मला वाटायचं, तुला कळलं तर तू मला पुरुषच म्हणणार नाहीस."

घरापर्यंत चालत आलो, बोलत. इच्छा काही लगेच परतलेली नाही, येईल तेव्हा येईल. पण काल मी भांडी घासत होते, तर ह्यांनी मागून येऊन खांद्यावर हनुवटी टेकवली. हातातले दोन कप फुटले. कसली खुशीत आहे मी, काय सांगू.

आता जे लिहायला हात धजत नाही ते. भाऊजी जवळ येत नाहीत म्हणजे बाहेर कुणीतरी आहे, असं आपण दोघींनीच ठरवलं होतं. तू त्यांचं घर सोडलंस, तेव्हा तुझी बॅग मी भरून दिली. आठ वर्षं झाली, ती कुणीतरी काही दिसली नाही. परवा न राहवून मी त्यांना फोन केला. विचारलं, "तेव्हा तुम्हाला काय होत होतं?"

म्हणाले, "हे मला पहिल्यांदाच कुणी विचारतंय."

पुढचं त्यांनी मला सांगितलं नाही. म्हणाले, "ते तुझ्या ताईलाच सांगायचं आहे."

रागावलीस तरी तुझीच,
धाकटी