भांड्यांच्या जाळीतला रणगाडा

तुम्ही माझा रणगाडा कचऱ्यात टाकलात. गल्लीच्या कचरा समितीचे प्रमुख म्हणून मिरवता, पण टाकण्याआधी बायकोला एका शब्दाने विचारलं नाहीत.

प्लास्टिकवर साच्याचं तेल राहिलं तर रंग धरत नाही, म्हणून त्या जोडायच्या छोट्या रणगाड्याचे सगळे तुकडे साबणाने धुऊन भांड्यांच्या जाळीत वाळत ठेवले होते. हे मला बाबांनी फोनवरून शिकवलं. सैन्यात त्यांनी याच बनावटीचा खरा रणगाडा चालवला. मरायच्या आधी तो एकदा हातात घ्यायचाय, एवढंच त्यांचं मागणं. तुम्ही हसलात, "सासरेबुवा आता स्वर्गावर चाल करणार वाटतं!"

सुटे तुकडे जाळीतल्या धुतलेल्या दह्याच्या डब्यांबरोबर चुकून गेले, हे एक वेळ मानते. पण रणगाड्याचा वरचा बुरूज मी जोडलेला होता, तोफेसकट. तोफ असलेला दह्याचा डबा पाहिलाय कधी?

मी रिकामा खोका घेऊन गोतेम्बा गावच्या इस्पितळात बाबांकडे चाललेय. मासा फ्रिजमध्ये आहे. खाऊन झालं की त्याचं वेष्टन धुऊन वेगळं टाका, त्यात तुमचा हात कोण धरणार!

बाबा खोका उघडायला सांगतील. त्याआधी मला फोन करा आणि खरं सांगा: ओळखून टाकलात की न ओळखता?

तोकिए