पाठवणीतलं मोडकं बटन

पाली, ता. जि. बीड
बुधवार, ५ फेब्रुवारी २०२५

सुग्रीव भाऊजींना वहिनीचा आशीर्वाद.

इकडे सगळं ठीक. तुम्ही चाकणला ठीक असाल असं धरून चालते, कारण विचारायला फोन केला की तुम्ही ‘ड्युटीवर हाय, वहिनी’ म्हणून ठेवून देता. म्हणून पत्र लिहिते. पत्राला ड्युटी सांगता येत नाही.

धरणात पाणी बरं आहे. अर्धं गाव ऊसतोडीला गेलंय. शेजारच्या बायनाबाईची म्हैस व्याली, तेव्हापासून गल्लीत बायनाबाईशिवाय कोणी बोलायचं नाही असं झालंय. माझे गुडघे तसेच. बीडच्या वाचनालयातून पुस्तकं आणते, चष्मा लावून वाचत बसते, दिवस जातो.

आता कामाचं. मी वैतागले आहे.

तुमच्या दादांना भक्त मिळालेत. तुम्ही गेल्यावर ते एकटेच लग्नांत बेंजो वाजवायचे, तेव्हा कोणीतरी त्यांची पाठवणीची धून मोबाइलवर भरून घेतली. परळीच्या मोबाइल दुकानातून ती तोडणीवाल्यांच्या मेमरी कार्डात गेली आणि तिथून त्यांच्या पाचटाच्या झोपड्यांतून, कोपी-कोपीतून, पार कर्नाटकात. हे दादा असतानाच सुरू झालं होतं. पण आता ते जाऊन तीन वर्षं होत आली, तर परळीचा अभिमन्यू नावाचा एक पोरगा आणि पुण्याची संस्कृती नावाची पोरगी सारखी माझ्या ओसरीवर येऊन बसतात. अंगातल्या बनियनवर दादांचं तोंड छापलेलं, मिशी वाकडी. झेरॉक्सचं एक मासिक काढतात, त्यात त्या धुनेवर चार पानं लिहिलीत. धुनेत मधेच जिथे सूर तुटतो आणि नुसतं लाकूड वाजतं, टक, तो म्हणे दादांनी डीजेच्या जमान्याला दिलेला नकार आहे. मी दोनदा वाचलं. नकार नव्हता हो, बटन नव्हतं.

बटन कसं गेलं ते तुम्हाला सांगायला नको, पण सांगते, कारण तुम्ही ते कधी तोंडाने काढलं नाही. गेवराईचं लग्न, भर वरात. ताशा तुमच्या गळ्यात. तुम्ही म्हणालात, बेंजो विकू, डीजेची गाडी घेऊ. दादा म्हणाले, ‘तू घे बे, मला न्हाई पाहिजे.’ तुम्ही हातातलं टिपरू बेंजोवर हाणलं. सुरांच्या बटनांतलं एक मुळातून गेलं आणि त्याच आठवड्यात तुम्हीही गेलात. मग थेट दादांच्या दहाव्याला आलात, तेही नदीवरूनच परत फिरलात.

आता कहर ऐका. बीडच्या वाद्यं दुरुस्त करणाऱ्याकडे पोरं नवे कोरे बेंजो घेऊन येतात आणि तेच बटन तोडून मागतात. तो मला विचारत होता, ‘मावशी, यांच्या घरच्यांना ठाव हाय का?’

रविवारी, सोळा तारखेला, बीडच्या एका हॉलात दुपारी दादांच्या नावाचा कार्यक्रम आहे. पुण्याला कुठल्याशा खोलीत ही मंडळी असल्या आडबाजूच्या कलावंतांची वाद्यं जमवतात. तिथे दादांचा बेंजो काचेच्या पेटीत ठेवायचाय. तो मी त्या दिवशी त्यांच्या हाती द्यावा, असं त्यांचं म्हणणं. मी म्हटलं, आधी बटन बसवून घेते. तर संस्कृतीचं तोंड उतरलं.

“मावशी, बटन बसवलं तर त्यात त्रिंबककाका राहणारच नाहीत.”

“राहिलेलेच नाहीत, बाई,” मी म्हटलं.

त्यावर ती रडायला लागली. मग तिची समजूत काढत बसले. माझा नवरा गेला आणि समजूत मी काढायची.

तर भाऊजी, त्या रविवारी तुम्ही या. ही धून तुम्ही दोघांनी मिळून मनकर्णाच्या लग्नासाठी बसवली. तुमच्या बहिणीची पाठवणी झाली तेव्हा ती मी सलग ऐकली होती. नंतर किती वर्षं तुटकीच ऐकली. ताशा तुमचा असला तरी बेंजो तुम्ही दादांकडूनच शिकलात. बटन तुम्ही बसवा आणि एकदा मला पाठवणी सलग ऐकवा. मग कुठल्या काचेत ठेवायचा तिथे ठेवू देत. एकदा तो मोडका पेटीत गेला की त्याला कोणी हात लावू देणार नाही.

दुसऱ्या कोणाकडून का बसवून घेत नाही, असं विचाराल. दादांनी इतकी वर्षं का बसवलं नाही ते मला माहीत आहे. आज ते लिहीत नाही.

वत्सला वहिनी


पाली
मंगळवार, १८ फेब्रुवारी २०२५

सुग्रीव भाऊजींना आशीर्वाद.

तुम्ही येऊन गेलात हे खरं, पण पाहुणा तरी बरा. वाजवून झालं की मागच्या दाराने थेट स्टँडवर. तुमच्यासाठी बांधून नेलेला डबा बायनाबाईने खाल्ला, वर मीठ कमी आहे म्हणाली.

स्टेजवर तुमची मान खाली होती, म्हणून समोर काय झालं ते सांगते. पुढच्या रांगेत ती बनियनवाली पोरं, मागे बीडची, परळीची, कुठली कुठली. कारखान्यावरच्या कोपीतून दोघा-तिघांनी फोन लावून ठेवले होते, तेही ऐकत होते. तुम्ही पाठवणी सुरू केलीत. मी पदर तोंडाला लावून बसले होते, श्वाससुद्धा जपून घेत होते. ती जागा आली आणि सगळ्या हॉलने हात वर करून म्हटलं, टक.

तुमच्या बोटाखाली सूर वाजलाच असेल. तुम्हाला तरी आला का ऐकू? मला नाही आला. धून फिरून तिथे आली की पुन्हा टक. शेवटी तर फोनमधूनही टक.

नंतर संस्कृती धावत आली. “मावशी, अंगावर काटा आला. बटन असूनही टक वाजला.”

“वाजला नाही, तुम्ही वाजवला. मला ऐकू द्यायचं होतं गं.”

तिला काही कळलं नाही. अभिमन्यू म्हणाला, “मावशी, लोकान्ला ती जागा पाठच झालीय. आमी कोणाकोणाचं तोंड धरावं?”

तेही खरं. त्यांच्यावर तरी किती चिडू? गावाने दादांना कायम शेवटच्या पंगतीला बसवलं, वाजवून घेतलं आणि नाव विचारलं नाही. ही पोरं त्यांच्या फोटोसमोर यायच्या आधी चप्पल काढतात. फक्त त्यांना जे आवडतं, त्याचीच दादांना लाज वाटायची. वाजवताना ती जागा आली की ते मान फिरवायचे. पोरांना वाटतं, तल्लीन व्हायचे.

आता मागच्या पत्रात राहिलेलं. दुरुस्तीवाला फुकट बटन बसवून देतो म्हणाला होता. दादा म्हणाले, ‘ज्यानं मोडलं त्याचाच हात लागंल.’ दर दिवाळीला बेंजो पुसायचे, तारा बदलायचे, ते एक भोक तसंच ठेवायचे. दवाखान्यात मी म्हटलं, फोन लावते भाऊजींना. म्हणाले, ‘त्याला लावू दे.’ तुम्ही तिकडे म्हणत असाल, दादा लावतील. दोघा भावांचा हट्ट, आणि लोक त्याच्यावर चार-चार पानं लिहितात. मला कोणी विचारलं असतं तर मी एका ओळीत लिहून दिलं असतं.

रविवारी सकाळी तुम्ही ओसरीवर बटन बसवत होतात. पाठीकडून तुम्ही हुबेहूब तेच दिसत होतात, मानेवरचे केससुद्धा तसेच वळलेले. मी चहा टाकते म्हणून आत गेले आणि बराच वेळ आले नाही, ते त्यामुळे. दूध नासलं असं मी सांगितलं होतं. नासलं नव्हतं. बाहेर आले तोवर बीडला निघायची वेळ झाली, म्हणून घरी ऐकायचं राहिलं.

बेंजो मी पोरांना दिलेला नाही. स्टेजवर बोलावलं, हातात माईक दिला, तेव्हा सांगितलं की पाडवा झाल्यावर बघू. रुसलीत. अभिमन्यू म्हणत होता, “पुण्याला शब्द दिलता, मावशी.” म्हटलं, फिरव.

तर पाडव्याला या. हॉल नाही, माईक नाही. ओसरीवर बसा आणि पाठवणी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजवा. ऐकायला मी आणि बायनाबाई. तिला गप्प बसवायचं मी बघते. पुरणपोळी करते. जेवल्याशिवाय उठायचं नाही. ड्युटीचं काही सांगू नका, सणाची सुट्टी कारखान्याला असते, मला माहीत आहे.

तुमच्या दादांना जमलं तेवढी वाट बघणं मला जमायचं नाही.

तुमची,
वत्सला वहिनी