बुवांचा मारवा, स्वस्तातला आणि महागातला

नाना, तुम्ही दुकानात हातात घेऊन परत ठेवायचात ना, ती महागड्या कंपनीची मारव्याची रेकॉर्ड परवा माझ्या घरात आली. माझ्या साठीचं निमित्त करून तुमच्या नातवाने पुण्याहून आणली, सोबत नवं मशीनही आणलं. किंमत विचारली तर म्हणाला, "आई, तू किंमत बघू नकोस, तू ऐक." म्हणजे भरपूर असणार. कव्हर इतकं जाड की त्यावर पोळी लाटावी. तुम्ही असतात तर आधी ते नाकाशी धरून वास घेतला असतात आणि मग म्हणाला असतात, एवढ्या पुठ्ठ्यात आपलं स्वस्तातलं लेबल दोन रेकॉर्डी देते.

सावद्याहून जळगावला आलो की आपली ठरलेली वाटणी असायची. आई सोनाराच्या दुकानात, आणि तुम्ही मला घेऊन रेकॉर्डवाल्याकडे. आईला वाटायचं आपण मळ्यासाठी पंपाचं सामान बघायला गेलोय. दुकानदार तुम्हाला ओळखून होता. एकाच मैफलीतला राग दोन कंपन्यांचा लावून द्यायला सांगायचात आणि बुवा गायला लागायच्या आत सुई उचलायला लावायचात, कारण तुमची सगळी परीक्षा आधीच्या तंबोऱ्यावर असायची. गवई काय, दोन्हीकडे तोच, म्हणायचात. महागड्या कंपनीत तंबोऱ्याच्या तारा वेगवेगळ्या मोजता यायच्या. स्वस्तवालीत सगळ्याची मिळून एक घरघर, आणि तबला म्हणजे पत्र्याच्या डब्यावर कुणी बोटं वाजवतंय. हे तुम्ही मोकळेपणाने कबूल करायचात. "महागवालीत बुवा आपल्या घरी येऊन बसते," तुम्ही दुकानदाराला सांगायचात, "अन् हिच्यात आपण बुवाच्या दाराबाहेर उभे. पण ऐकू तर येते ना बापा?" आणि दाराबाहेरचीच उचलायचात. दर वेळी. मला इतका राग यायचा तुमचा.

मारव्याच्या वेळी तर दुकानदाराने स्वतःहून सावध केलं होतं. "नाना, ही कॉपी नका घेऊ, हिच्यावर ओरखडा आहे. मी किंमत कमी लावतोय ती त्यासाठीच." तुम्ही रेकॉर्ड उजेडाकडे तिरकी धरली, ओरखड्यावरून अंगठा फिरवला आणि सावद्याच्या केळीवाल्याशिवाय कुणाला सुचणार नाही असं उत्तर दिलंत. "सालीवर डाग पडल्याशिवाय केळीले गोडी येते का? डाग वरून राह्यते. आतमधला गर पाह्य." दुकानदार हसायला लागला. जन्मभर घड विकलेल्या माणसाला तो डाग काय शिकवणार. तुम्ही मोठा सौदा मारल्याच्या तोऱ्यात रेकॉर्ड काखेत मारलीत. एसटीत ती माझ्या मांडीवर होती आणि सावद्यापर्यंत तुम्ही मला मारव्यात पंचम का नसतो ते समजावत होतात.

संध्याकाळी लावली आणि मधोमध अडकली. बुवांचा एकच तुकडा पुन्हा पुन्हा, पुन्हा पुन्हा. आई स्वयंपाकघरात कळण्याच्या भाकरी थापत होती, ती हसून हसून बेजार. तुम्हाला मात्र जरासुद्धा वाईट वाटलं नाही. तुम्ही उठलात, सुईचा दांडा हळूच उचललात, आणि तो हवेत धरून मधली गेलेली जागा स्वतः गायलात. डाव्या हाताने मांडीवर ताल चालूच. मग नेमकी समेच्या अलीकडे सुई टेकवलीत आणि बुवा तिथून पुढे निघाले. आईचा थापता हात थांबला होता. त्यानंतर रेकॉर्ड तशीच लागत राहिली. अडकायची वेळ आली की आईच आतून ओरडायची, "अडकले तुमचे बुवा. आता घरचे बुवा येतीन!" आणि घरचे बुवा यायचे. कधी सम चुकली तर पुन्हा मागून लावायचात. मी एकदा विचारलं, तिथे खरे बुवा काय गातात हो? तुम्ही म्हणालात, असंच काहीतरी घेत असतील, मारवा दुसरं काय करू देतो.

तर परवा मुलगा परत गेल्यावर मी दोन्ही लावायच्या ठरवल्या. तुमच्यासारखीच परीक्षा घ्यायची, आधी स्वस्त, मग महाग. तुमची रेकॉर्ड पुसून घेतली. तीच घरघर, तोच डबा. मला काय वाटलं ते कसं सांगू? तुमच्या खांद्यावरचं उपरणं कुणी माझ्या अंगावर टाकावं तसं वाटलं. ती जागा जवळ आली तशी मी उठून मशीनपाशी जाऊन उभी राहिले. दांडा उचलायला हात पुढे केला. आणि नाना, ती अडकलीच नाही. नव्या मशीनची सुई बरोब्बर वजनाची आहे म्हणे. नुसतं टक् झालं, खरखर झाली आणि बुवा पुढे गेले. मी हात तसाच धरून उभी. तुम्हाला यायला जागाच उरली नाही त्यात.

त्या खरखरीत बुवा तिथे काय गातात ते नीट कळेना, म्हणून महागडी लावली. आवाजाचं विचारू नका. तुम्ही म्हणायचात ते अक्षरशः खरं आहे, बुवा घरात येऊन बसतात, त्यांचा श्वाससुद्धा ऐकू येतो. त्या जागेशी मी कान लावून बसले. इतकी वर्षं मला वाटत आलं होतं की तिथे एखादी अवघड तान असेल, आणि तुम्ही तुमच्या परीने ती भरून काढत असाल. तिथे बुवा काहीच गात नाहीत, नाना. दम घेतात. नुसता तंबोरा आणि ठेका चालतो, मग ते समेवर येतात. मी पुन्हा लावून पाहिलं. काहीच नाही. म्हणजे जे होतं ते सगळं तुमचंच होतं, आणि ते कुठल्याच कंपनीने काढलेलं नाही. मी कितीही पैसे मोजायला तयार झाले तरी मिळायचं नाही. मला तुमची आठवण नेहमी येते, पण परवासारखी आली नव्हती. तुम्ही हवे होतात. बाकी काही नको, नुसते मशीनपाशी उभे हवे होतात.

आई असती तर तिला विचारलं असतं. ती नाही, म्हणून सावद्याला भावाला फोन लावला. तो मळ्यात होता, मागे माल गाडीत भरायची आरडाओरड चालली होती. त्याला म्हटलं, मारवा अडकला की नाना मधे काय गायचे, तुला येतं का रे? तो हसला. "अक्का, नाना गायचे एवढं ध्यानात आहे मले. काय गायचे ते मी कायले पाठ करू? ते तं तुलेच येत असीन, तू त्यांच्यापाशी बसून राह्यची." मी म्हटलं, हो, मला येतं. "मंग आलीस की म्हणून दाखव, पोरायलेबी ऐकू दे," म्हणाला आणि मालाकडे गेला. त्याला बरं वाटलं असावं, कुणाकडे तरी आहे म्हणून.

हे पत्र टाकायला पत्ता नाही, म्हणून इथे वहीतच लिहिते. तुमचा वर धरलेला हात दिसतो, मांडीवरचा ताल ऐकू येतो, आईची हाकसुद्धा येते. तुम्ही काय गायचात ते मला आठवत नाही, नाना.