ईश्वरच्या कार्डावरच्या दोन रेघा

६ नोव्हेंबर २००६

एकच रेघ! बोट टोचून रक्ताचा थेंब कार्डावर टाकायचा; दोन उमटल्या तर अंगात हत्तीपायाचा जंत, एक उमटली तर नाही. म्हणजे माझ्या अंगात जंतच नाही? डावा पाय गुडघ्यापर्यंत सुजलेला, चप्पल चढत नाही, आणि कार्ड म्हणतं नाही! मी इशिता मॅडमना म्हटलं, तुमचं कार्ड खराब आहे.

हसल्या. "उर्मिला, तुझं शरीर भांडलं त्या जंताशी. मारला त्याने. पण त्या भांडणातच पायाची वाट लागली." आणि पुढे — काहींचं शरीर भांडतच नाही म्हणे. जंताला सांभाळून घेतं. ती माणसं दिसतात धडधाकट, पण डास त्यांना चावतो आणि तिथून जंत दुसऱ्याकडे नेतो.

मॅडम मुंबईच्या. आम्हा उत्तनच्या कोळ्यांचं रक्त या जंताशी कसं वागतं ते शोधतायत. मी बारावी पास, म्हणून घरं दाखवायला मला घेतलंय. पाय बघून लोकही लगेच बोट पुढे करतात.

७ नोव्हेंबर

कोण भांडलं नाही ते बघायचंय मला.

९ नोव्हेंबर

आज सरूबाईचं घर. मधे फक्त एक गल्ली, पण तीन वर्षांनी पायरी चढले. तिच्या ईश्वरशी माझा साखरपुडा झाला होता. पाय सुजायला लागला आणि हिने बोंबील वाळत घालणाऱ्या सगळ्या बायकांसमोर तो मोडला. "असला पाय आमच्या घरान नको!" आई तिथेच होती, टोपली घेऊन. त्या दिवसापासून मी हे तोंड विसरलेली नाही.

आज तीच म्हणते, "ये गो, बस." बसते कसली!

ईश्वरचं बोट टोचलं. तो भिंतीकडे बघत राहिला. मी कार्डाकडे. हळूहळू दुसरी रेघ उमटली! या पायाने नाचावंसं वाटलं मला.

मॅडमनी विचारलं, गेल्या वर्षी सरकारने गोळ्या वाटल्या त्या खाल्ल्या नाहीत? सरूबाई म्हणाली, "तो दर्यान होता. आला का खाईल म्हनून ठेवल्या." देवाच्या फळीवरून डबा काढला — गोळ्या जशाच्या तशा! घरातल्या बायकांनी खायच्या आणि बोटीवरच्या पुरुषांच्या गोळ्यांची पूजा करायची. अडाणी!

आणि माझा जंत आला कुठून? समोरच्याच घरातून. दुसरं कुठून येणार?

११ नोव्हेंबर

सरूबाई मागच्या दाराने आली. पदर तोंडाला. "कुनाला सांगू नको गो. पोराचं लगीन ठरलंय." मुलगी अर्नाळ्याची.

कोणाचा निकाल कोणाला सांगायचा नाही असा मॅडमनी शब्द घेतलाय. तरी मी नुसतं "बघू" म्हटलं. तिला रडू दिलं. छान वाटलं.

१२ नोव्हेंबर

माझा साखरपुडा मोडताना मला कोणी मागच्या दाराने सांगितलं नव्हतं.

१४ नोव्हेंबर

सांगितलं!

अर्नाळ्याच्या मुलीची मावशी भाईंदरच्या बाजारात मासळी विकते. मांदेल्यांचा वाटा घेता घेता म्हटलं, तुमच्या होणाऱ्या जावयाच्या अंगात हत्तीपायाचा जंत आहे, बरं का. ती म्हणाली, "काय बी नको बोलू, पोरगा चांगला धडधाकट हाय." मग मी साडी जराशी वर केली आणि पाय दाखवला. म्हटलं, हा त्याच घरातला प्रसाद. बाई मांदेली तशीच टाकून उठली.

येताना रिक्षात एकटीच हसत होते. रिक्षावाला आरशातून बघत होता. बघू दे.

१७ नोव्हेंबर

मोडलं लग्न. अर्नाळ्याहून माणसं आली, चहासुद्धा न घेता गेली. बोंबील वाळवायच्या वलांडीवर सगळ्या बायका तेच बोलतायत आणि सरूबाई तिथे नाही. तिला कळू दे, कसं लागतं ते!

मॅडमच्या कानावर अजून गेलेलं नाही. गेलं तर काम जाईल. जाऊ दे. आई मात्र दोन दिवस माझ्याशी धड बोलत नाहीये. तिला काय झालंय?

१९ नोव्हेंबर

आमच्या घरात आईचीही एकच रेघ. राहिलाय फक्त दशरथ, माझा भाऊ. परवा बोटीवरून येईल. आला की त्याचं बोट टोचायचं आणि मग त्याच्यासाठी मुलगी बघायला चौक गावाला जायचं. गावातला सगळ्यात दणकट पोरगा!

२१ नोव्हेंबर

दशरथच्या कार्डावर दोन रेघा. ईश्वरपेक्षा गडद.

लहानपणापासून माझ्या बाजूच्या अंथरुणावर झोपलेला माझा भाऊ. आईने तांदळाच्या डब्यात हात घातला आणि त्याच्या गेल्या वर्षीच्या गोळ्या काढल्या. म्हणाली, "कुनाला सांगू नको गो."

मान वर केली तर दारात सरूबाई. ईश्वरच्या गोळ्या कधी द्यायच्या ते विचारायला आली होती. तिला आता रेघा मोजता येतात. तिने कार्ड बघितलं, मग माझा पाय बघितला.

"जेवल्यावर देऊ ना गो?"

हो म्हटलं. गेली.

ओरडली का नाही ती!