वाफेवरचा फोन

कोल्हापूर, १४ जुलै

ती. स्व. तात्या आणि काकी,
सा. न. वि. वि. नमस्कार वाकून, राग मात्र तसाच ठेवून.

तुमचा फोन परत बंद, म्हणून हे पत्र चंदगडच्या एसटीच्या कंडक्टरकडं दिलंय. गेल्या पावसाळ्यात लाईट गेली, फोन मेला आणि काकी तापानं फणफणली ते आम्हाला कळलंच नाही. बाबा म्हणतात, आता बास. रविवारी जीप घेऊन येऊन दादा-वहिनीला, म्हणजे तुम्हाला, कायमचं इकडं आणणार.

आणि तुम्ही म्हणे खेळण्याएवढ्या वाफेच्या इंजिनावर वीज करताय! तात्या, मी कॉलेजात हेच शिकवते. भाराभर लाकूड जाळलं तरी घर उजळायचं नाही. बॉयलर फुटला तर? हट्ट सोडा.

लोभ आहे म्हणूनच भांडणारी,
अनुजा

चंदगड, १६ जुलै

चि. अनुजास,
तात्याचे आशीर्वाद, तुझ्या रागाला पुरून उरतील एवढे.

तुझं गणित बरोबर हाय, मास्तरीणबाई. पंखा फिरणार न्हाय, टीव्ही न्हाय. पण मला कुठं गिरणी चालवायची हाय? साध्या फोनला चिमूटभर वीज पुरती. तू दिलेली पॉवर बँक कवाच आडवी झाली, आणि सोलर म्हणशील तर ऊन कुणी बघितलंय? काटक्या तर दारात हायत.

पहिल्यांदा फुकटची म्हणून काजूची टरफलं जाळली. काकी नगं म्हणत होती. त्यातलं तेल पेटून असा धूर झाला की माझं तोंड भोपळ्यावानी सुजलं. काकीनं मला इंजिनासकट परसात हाकललं. जादा वाफ सोडायचा व्हॉल्व्ह बसवलाय, काळजी नगं.

तुझ्या बाबाला, अमरसिंहाला सांग, शनिवारपर्यंत माझा फोन आला न्हाय तर गुमान जीपमध्ये बसतो. आला, तर जेवून माघारी जा म्हणावं.

माया कमी करू नको, अक्कल शिकवणं तेवढं कमी कर.
तुझा तात्या

चंदगड, २१ जुलै

चि. अनुजास काकीचा आशीर्वाद.

शनिवारी तात्या फोनवर ओरडले ते तू ऐकलंसच. मग सगळ्या पावण्यांना फोन लावून बढाया मारल्या आणि चार्जिंग संपवलं. तुझा बाबा तरी जीप घेऊन आलाच. आता परसात बसून इंजिनाकडं टक लावून बघतोय.

जन्मात चूल न पेटवलेल्या तुझ्या तात्यांना वाफ कुठली धरायला येती? जाळ माझ्या हातचा हाय. माझ्या तापाचं निमित्त करून तुम्ही सगळे भांडलात, पण मला कुणी विचारलं का, बाई, तुला जायचंय का? न्हाय जायचं! आता पुढचं चार्जिंग माझं. सगळ्यांना फोन लावून मीच सांगणार हाय.

मायेनं ये, न्यायला येऊ नको.
तुझी काकी मीनाबाई